खोटा शेल, खरं काम

मित्रमैत्रिणींनो,



आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ओपन सोर्स ना? आमच्याकडे सगळं तेच वापरतात." वाक्य खरं आहे. सर्व्हर लिनक्सचा, कंपायलर ग्नूचा, कोड सांभाळायला गिट, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात पुन्हा लिनक्सच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. आपली घरं, गाड्या, मुलांच्या कॉलेजच्या फिया यांतला मोठा वाटा या फुकट मिळालेल्या कोडवर उभा आहे. पण त्या वाक्यातलं क्रियापद जरा पाहा. "वापरतात." "लिहितात", "तपासतात", "दुरुस्त करतात" असं म्हणणारे आपल्यात किती? माझं भांडण या क्रियापदाशी आहे. त्यासाठी मी मुद्दाम एक अगदी किरकोळ वाटणारं उदाहरण घेते: एका खेळासाठी लिहिला जाणारा खोटा कमांड लाइन शेल.

(डॉक्टर, अकाउंटंट आणि बँकवाल्या मंडळींनी इथेच डिलीट दाबू नये. तुमचंही काम पुढे आहे.)

शेल म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून यंत्राकडून ते काम करवून घेणारा प्रोग्रॅम. केन थॉम्पसननं १९७१ साली युनिक्ससाठी पहिला शेल लिहिला, १९७९ साली स्टीफन बोर्नचा आला, आणि १९८९ साली ब्रायन फॉक्सनं ग्नू प्रकल्पासाठी 'बॅश' लिहिला. आज आपण ऑफिसात वापरतो तो बहुधा हाच, नाहीतर याचा भाऊबंद. खेळातला शेल दिसायला तसाच असतो, पण त्याच्यामागे खरी डिस्क नसते. मेमरीत फायलींचं एक झाड, चाळीसेक कमांडची एक यादी, आणि गोष्ट पुढे नेणारे काही नियम, एवढंच. बारा वर्षांच्या मुलीनं चुकून सगळं पुसून टाकणारी कमांड दिली, तरी बाबांच्या लॅपटॉपवरच्या टॅक्सच्या फायली जागेवरच राहतात.

हे शिकवायचे दुसरेही मार्ग आहेत. फ्रान्सच्या सावोआ मों ब्लां विद्यापीठातून आलेला 'गेमशेल' हा मुक्त खेळ खराखुरा बॅश वापरतो. त्यातला किल्ला म्हणजे डिस्कवरचे खरे फोल्डर. 'ओव्हरदवायर'चा 'बँडिट' हा खेळ तर दूरच्या खऱ्या सर्व्हरवर लॉग-इन करायला लावतो. दोन्ही उत्तम आहेत. पण शाळेतल्या जुन्या संगणकावर, किंवा आईकडून तासभर उसन्या घेतलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये शिकायचं असेल, तर खोटा शेलच सोयीचा.

गेलं वर्षभर आम्ही आठ-दहा जण असा एक शेल लिहितो आहोत. खेळ मराठीत आहे. पहिल्या आराखड्यात गोष्ट एका जुन्या वाड्यात घडत होती: ओसरी, माजघर, तळघर, प्रत्येकाचा एकेक फोल्डर. गोष्टीतली वाक्यं मराठीत करायला घेतलेल्या मैत्रिणीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वाडा कुणाचा? आणि ज्यांना ओसरीच्या पुढे कधी येऊ दिलं नाही, त्यांच्या मुलींनी यात कुठून शिरायचं?" खेळ वाड्यातून उठला आणि गिरणगावातल्या चाळीत गेला. आता खेळणारी मुलगी १९८२ च्या संपाच्या काळातली हजेरीपुस्तकं 'ग्रेप'नं धुंडाळते आणि आजोबांचं नाव शोधते. पार्सर लिहिणाऱ्या आम्हा कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ज्या कामाला आपण "नुसतं भाषांतर" म्हणतो, त्या कामानं खेळ बदलला.

म्हणूनच माझा मुद्दा हा: असला शेल लिहिणं हे एकट्या हुशार माणसाचं काम नाही. आणि ते तसं आहे असं समजणं ही आपली जुनी सवय आहे, तिचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

उदाहरणं देते. पहिलं: 'एको' या कमांडपुढे नुसती तारका (*) टाइप करा. खऱ्या शेलमध्ये समोरच्या सगळ्या फायलींची नावं येतात, कारण तारकेचा विस्तार शेल स्वत: करतो आणि तयार यादी कमांडच्या हाती देतो. घाईनं लिहिलेल्या खोट्या शेलमध्ये तारकेचं काम एकेका कमांडवर सोडलेलं असतं, म्हणून 'एको' नुसती तारकाच छापतो. मुलगी काय शिकली? खोटं शिकली. उद्या ती खऱ्या यंत्रावर बसेल तेव्हा तिची समजूत तिला दगा देईल.

दुसरं: 'येस' ही कमांड एकच अक्षर ओळीमागून ओळ छापत राहते, थांबतच नाही. तिची ओळ पाइपमधून 'हेड'ला जोडा. खऱ्या शेलमध्ये दोन्ही कमांड एकाच वेळी चालतात. 'हेड' दहा ओळी घेऊन दार लावून घेतो आणि 'येस'ला यंत्रणा थांबवते. खोट्या शेलमध्ये पहिली कमांड संपल्यावर दुसरी सुरू करायची, असा सोपा मार्ग बहुतेक जण घेतात. पहिली कधी संपतच नाही, ब्राउझर गोठतो आणि मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

या चुका शोधायच्या कशा? तीच ओळ खऱ्या बॅशमध्ये आणि आपल्या शेलमध्ये चालवायची, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची, फरक नोंदवायचा. असं शेकडो वेळा. यात रुबाब काही नाही, चिकाटी लागते. जोडीला प्रत्येक कमांडचं मदतीचं पान लिहावं लागतं, चूक झाली तर काय संदेश द्यायचा ते ठरवावं लागतं, नवीन येणाऱ्याला घडी बसवून द्यावी लागते. आणि नेमकं इथे आपलं घोडं अडतं. अशा प्रकल्पाची हाक दिली की दहा इंजिनियर "आर्किटेक्चर बघतो" म्हणून पुढे येतात. मदतीची पानं लिहायला कुणी नसतं. तपासणी? "ते कुणा ज्युनियरला देऊ." भाषांतर? "बायकोला विचारतो, तिला वेळ असतो."

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये कामांची वाटणी आणि माणसांची वाटणी यांतला भेद स्पष्ट करून ठेवला. काम वाटून घेणं प्रत्येक समाजाला लागतं. पण अमुक काम करणारा माणूस वरचा आणि तमुक करणारा खालचा, आणि ज्याची जागा जिथे आहे तिथेच तो कायम, हा आपला खास शोध. तो शोध आपण विमानातून सोबत आणला. आडनावं विचारत नाही म्हणून आपण पुरोगामी, असं समजायचं कारण नाही. पार्सर लिहिणाऱ्याला नमस्कार आणि चाचणी लिहिणाऱ्याला "थँक्स हं" म्हणणारा माणूस तीच उतरंड नव्या भांड्यांनी रचतो आहे.

"बायकोला वेळ असतो" हे वाक्य तर अंगावर येतं. या देशात एच-फोर व्हिसावर आलेल्या किती मुली स्वत: इंजिनियर होत्या! २०१५ सालापर्यंत त्यांना नोकरी करायची मुभाच नव्हती. त्या वर्षी मिळाली तीही सगळ्यांना नाही, नवऱ्याची ग्रीन कार्डची वाट ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. त्यांच्या बायोडेटात वर्षानुवर्षांचा खड्डा पडला. अशा बाईनं संध्याकाळी बसून दोनशे संदेश मराठीत केले आणि नवऱ्यानं ते आपल्या खात्यातून प्रकल्पात चढवले, तर इतिहासात नाव कुणाचं राहणार?

गिटमध्ये यावर साधा उपाय आहे. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली ते लिहिलं तेव्हापासून प्रत्येक नोंदीत दोन वेगळे रकाने आहेत: एक, ज्यानं काम केलं तो लेखक, दुसरा, ज्यानं ते आत घेतलं तो. काही न सांगता नोंद केली तर दोन्ही जागी एकच नाव पडतं. वेगळं नाव लिहायला एक जास्तीचा शब्द टाइप करावा लागतो. तेवढा एक शब्द टाइप करायचा कंटाळा, एवढ्यावर कुणाचं वर्षभराचं काम पुसलं जातं. आमच्या प्रकल्पात नियम केला आहे: लेखकाच्या रकान्यात काम करणाऱ्याचंच नाव, मग ते काम स्वल्पविराम दुरुस्त करण्याचं का असेना. ज्यांना पुन्हा नोकरीच्या बाजारात उतरायचं आहे त्यांच्यासाठी ही नोंद उघड्यावर असलेला पुरावा ठरते.

आता मराठीपणाबद्दल. "कमांडसुद्धा मराठीत करा की!" असा आग्रह करणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. 'एल-एस' आणि 'सीडी' जगभर तशाच आहेत. खेळातून बाहेर पडल्यावर मुलीला खऱ्या यंत्रापुढे बसायचं आहे. तिला मराठी कमांड शिकवल्या तर आपला अभिमान सुखावेल आणि ती दारातच अडखळेल. मराठी हवी ती समजावण्यात: मदतीच्या पानात, चुकीच्या संदेशात, गोष्टीत, फायलींच्या नावांत. आणि तिथे मराठी माणसाशिवाय कुणाचं पान हलत नाही.

फायलींच्या नावांचंच बघा. चाळीतल्या 'पायऱ्या' या फोल्डरकडे जायचं आहे. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी वेगळे. मुलीचा कळफलक एका प्रकारे लिहितो, खेळात नाव दुसऱ्या प्रकारे साठवलंय, आणि शेल तिला सांगतो: असा फोल्डरच नाही. समोर तर दिसतोय! दोन्ही रूपं आधी एकसारखी करून मगच तुलना करायची, हा उपाय चार ओळींचा आहे. पण तो लागेल हे कळायला 'पायऱ्या' लिहिणारा माणूस प्रकल्पात असावा लागतो.

दुसरं, 'सॉर्ट'. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' बसलाय 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. तिसरं, 'क्षि' हे दिसायला एक अक्षर, पण आत चार चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. बॅकस्पेस दाबल्यावर काय पुसायचं, नुसती वेलांटी की सगळं अक्षर? हा प्रश्न कुणा कॅलिफोर्नियातल्या मॅनेजरनं सोडवायचा नाही. तो रोज मराठी टाइप करणाऱ्या शिक्षिकेला विचारायचा आहे. ती प्रोग्रॅमर नाही म्हणून ती या प्रकल्पात 'मदतनीस' ठरत नाही. या प्रश्नापुरती तज्ज्ञ तीच.

"पण आम्ही देतो की! गावच्या शाळेला दहा संगणक दिले." दिलेत, चांगलं केलंत. पण ते संगणक तीन वर्षांनी कुठे असतात ते एकदा जाऊन बघा. वस्तू दिली की पाटी लागते, फोटो निघतो, आणि देणारा वर, घेणारा खाली हे पक्कं होतं. केरळनं २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' सुरू केलं, आणि त्या दशकातच तिथल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं, पुढे शाळांसाठी ग्नू/लिनक्सची स्वत:ची आवृत्तीही निघाली. फरक पैशांचा नव्हता. शिकवणारे आणि शिकणारे यांच्या हातात किल्ल्या द्यायच्या की नुसती यंत्रं, हा फरक होता.

किल्ल्यांचाच प्रश्न परवान्याचा. आमच्यात यावर कडाक्याचं भांडण झालं. काहींचं म्हणणं, अगदी ढिला परवाना द्या, कुणीही काहीही करो. मी जीपीएलच्या बाजूची. जीपीएल पैसे घ्यायला मनाई करत नाही. एखाद्या क्लासवाल्यानं हा शेल घेऊन विकावा, खुशाल विकावा. पण ज्याला विकला त्याला कोड मिळालाच पाहिजे, आणि तो बदलून पुढे देण्याचा हक्कही. आईबापांची फी घेऊन मुलाच्या हातात कुलूपबंद डबा द्यायचा, हे चालणार नाही. हा हक्क कागदावरचा नाही. 'बिझीबॉक्स'च्या लेखकांनी २००७ साली अमेरिकन कोर्टात जीपीएलसाठी दावा लावला आणि समोरच्या कंपनीला तडजोड करून कोड द्यावा लागला. बिझीबॉक्स म्हणजे तरी काय? शेल आणि त्याच्या छोट्या छोट्या कमांड, एका डब्यात.

आता नेहमीच्या सबबी.

१. "वेळ नाही." आठवड्याला एक तास. एक मदतीचं पान तासाभरात होतं.

२. "कंपनीचा करार आडवा येतो." करार आधी वाचा. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचं कलम २८७० सांगतं की तुमच्या वेळेत, तुमच्या यंत्रावर, कंपनीची गुपितं न वापरता केलेलं काम कंपनीला आपल्या नावावर करून घेता येत नाही. मात्र ते कंपनीच्या धंद्याशी किंवा तिनं दिलेल्या कामाशी संबंधित नसावं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. शंका असेल तर लेखी परवानगी मागा. न वाचताच घाबरणं ही सावधगिरी नव्हे.

३. "आता एआय अर्ध्या तासात असा शेल लिहून देतं." देतं. ते कुणाच्या कोडवर शिकलं? ज्यांनी तीस-चाळीस वर्षं संध्याकाळी बसून उघड्यावर लिहिलं त्यांच्याच ना? म्हणजे देणं फिटलं नाही, वाढलं. आणि 'पायऱ्या' उघडत नाही हे त्याला सांगणार कोण? वाडा कुणाचा, हे विचारणार कोण? कोड स्वस्त झाला म्हणजे तपासणारी, विचारणारी माणसं जास्त लागतात.

४. "कुणीतरी करतंच आहे." हे सर्वांत घातक. सप्टेंबर २०१४ मध्ये 'शेलशॉक' नावाची चूक उघडकीला आली. ती बॅशमध्ये १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षं होती. जगभरचे सर्व्हर त्यावर चालत होते आणि बॅश सांभाळत होता मुख्यत: एक माणूस, चेट रामे, ओहायोतल्या विद्यापीठातली नोकरी करून, फावल्या वेळात. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या सगळ्यांनी मनात हेच म्हटलं होतं: कुणीतरी करतंच आहे.

शेवटी एक जुनी गोष्ट, कारण तिचा वंश थेट इथवर येतो. विल क्राउदरनं १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रानमध्ये गुहेतल्या भटकंतीचा एक खेळ लिहिला: शब्द टाइप करायचे, यंत्र उत्तर देणार. तो खेळ स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सला सापडला. त्याला तो वाढवायचा होता. लेखकाचा पत्ता नव्हता, म्हणून त्यानं त्यावेळच्या आर्पानेटवरच्या यंत्रायंत्रावर 'क्राउदर' या नावानं पत्रं धाडली, परवानगी मिळवली, आणि १९७७ साली वाढवलेला खेळ पसरवला. पुढे २०१७ साली एरिक रेमंडनं दोघांच्या संमतीनं त्याची आवृत्ती मुक्त परवान्याखाली आणली. सापडलेला कोड मुकाट्यानं उचलण्याची सोय वुड्सला होतीच. त्यानं विचारलं, काम केलं, आणि दोघांची नावं टिकली.

तर मंडळी, मागणी स्पष्ट आहे. देणगी नको, कौतुकाचे मेल नकोत, "आर्किटेक्चर बघतो" तर नकोच नको. हवं आहे ते असं: 'टेल', 'कट' आणि 'युनिक' या कमांडची मदतीची पानं सोप्या मराठीत; दोनशे ओळींची बॅशशी तुलना; चुकीच्या संदेशांतला दरडावणीचा सूर काढून टाकणारं कुणीतरी; आणि जुन्या हजेरीपुस्तकांत काय काय रकाने असत ते सांगू शकणारे, गिरणगावात वाढलेले आपले कुणी काका-मावशी. शेवटच्या कामाला संगणकाचं ज्ञान अजिबात लागत नाही, आणि लेखकाच्या रकान्यात नाव त्यांचंही लागेल. डॉक्टर, अकाउंटंट मंडळी, तुमची पाळी म्हटलं ती हीच. हिशेबाची पुस्तकं वाचता येणारा माणूस आम्हाला फार दिवसांपासून हवा आहे.

या पत्राला उत्तर पाठवा, त्यात कामाचं नाव लिहा. हुद्दा लिहू नका.

आपली,
एक सभासद
(सनीव्हेल, कॅलिफोर्निया)